सत्यभामाबाईंचा डोळा आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. उंचीने तुमच्या करंगळीएवढी, आणि वयाने म्हणाल तर झाकण उघडून दोनेक महिने झालेली. तुम्ही हसाल, पण आमच्यात एवढं वय पुष्कळ झालं. माझ्या पोटात डोळ्यांत घालायचं औषध आहे. धुळीची ॲलर्जी होऊन डोळे खाजतात, पाणी गळतं, त्यावर ते चालतं. डोळ्यांच्या दुसऱ्या आजारांवर नाही. आणि स्वभावाने मी जन्माची घाबरट.

त्याला कारण आहे. कारखान्यात मला भरत होते तेव्हा माणसांनी तोंडं बांधली होती, हातमोजे घातले होते. माझ्या चोचीला, म्हणजे जिथून थेंब पडतो त्या टोकाला, कुणी बोटसुद्धा लावलं नाही. एवढं जपतायत म्हणजे नक्की कसला तरी धोका असणार, असं तेव्हाच माझ्या मनाने घेतलं. ते आजवर सुटलेलं नाही.

वाशीच्या एका मेडिकलमधून मला विकत घेतलं बाबासोंनी. ते मूळचे साताऱ्याकडचे, राहायला सानपाड्याला, आणि मसाला मार्केटात माथाडी कामगार. मिरची-धण्याची पोती पाठीवर वाहायची आणि दिवसभर धूळ खायची. डोळे चोळून चोळून लाल झाले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझं नाव लिहून दिलं आणि बजावलं, "सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब. आधी हात धुवा. बाटलीचं टोक डोळ्याला लागू देऊ नका. नीट दिसायला लागेपर्यंत बसा, मगच पोतं उचला. दुसऱ्या कुणाला देऊ नका. आणि उघडल्यावर महिन्याने, उरलं असलं तरी टाकून द्या."

सुरुवातीला बाबासोंनी सगळं पाळलं. थेंब घातला की डोळा मिटून, नाकाजवळचा कोपरा बोटाने हलकेच दाबून ते गाळ्याच्या पायरीवर बसायचे. खाज उतरली की म्हणायचे, "झ्याक औषध हाय!" ते माझे सुखाचे दिवस होते. मीही जरा फुगले होते, खोटं कशाला बोलू?

पुढे खाज थांबली. महिनाही उलटला. पण बाबासोंच्या खिशातून मी काही उतरले नाही. निम्म्याहून जास्त औषध शिल्लक, ते त्यांना टाकवेना. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला.

बरोबर पोती वाहणाऱ्या त्यांच्या टोळीची रीतच अशी, की एकाचा चहा आला की तो सगळ्यांचा. डबे सुटले की कोण कुणाची भाकरी खातोय, कळायचं नाही. फार गोड माणसं. पण एके सकाळी टोळीतला शहाजी एक डोळा झाकूनच आला.

"नाना," तो बाबासोंना म्हणाला, "पापण्या चिकटल्यात सकाळधरनं. पिवळं पिवळं येतंय."

"धूळ गेली आसंल. ह्ये घे." बाबासोंनी मला पुढे केलं.

"तुमचं हाय की त्ये."

"आरं, टोळीत कसलं तुझं-माझं?"

मी ओरडले असते, पण मला आवाज कुठला? शहाजीने मला उलटं धरलं, त्याचा नेम चुकला आणि माझी चोच त्याच्या पापणीला जाऊन टेकली. तिथलं चिकट पिवळं माझ्या टोकाला लागलं. त्याने ते पाहिलंही नाही. झाकण लावून मला परत दिलं. आता माझ्यात काय शिरलंय ते मला ठाऊक होतं, आणि सांगायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सत्यभामाबाई, म्हणजे बाबासोंच्या मंडळी, घरातला माळा झाडून खाली उतरल्या आणि डोळा चोळू लागल्या. उजवा. डावा डोळा लहानपणीच विटी लागून गेला होता. तांदूळ निवडणं, फाटकं शिवणं, नातवाचं तोंड पाहणं, सगळं त्या एका डोळ्यावर चाललेलं.

"आवं, लई खाजतंय."

"पड हितं. माज्याकडं औषध हाय."

बाबासोंनी साबण लावून हात धुतले. मित्रांनो, हात धुतले, आणि मला मात्र होते तशीच उचललं! सत्यभामाबाई आडव्या झाल्या. बाबासोंनी अंगठ्याने त्यांची खालची पापणी ओढली. थेंब माझ्या टोकाशी येऊन लोंबू लागला. मी त्याला घट्ट धरून ठेवायला पाहत होते, पण थेंब धरणं बाटलीच्या हातात नसतं.

तेवढ्यात फोन वाजला.

"वाजू दे," बाबासो म्हणाले.

"उचला की. कुणाचं काय आसंल."

बाबासोंनी मला सरळ धरून स्पीकर लावला. पलीकडे शहाजी होता. "नाना, ती बाटली कुणाच्या डोळ्यात घातली न्हाय न्हवं?"

"न्हाय. का रं?"

"दवाखान्यात हाय मी. डॉक्टर म्हंत्यात ही ॲलर्जी न्हाय, जंतू झाल्यात. बाटली पापणीला टेकली का, इचारलं. टेकली हुती, नाना. टाकून द्या ती. पाया पडतो तुमच्या."

फोन बंद झाला. बाबासोंनी मला उजेडात धरून पाहिलं. "गरम पाण्यानं धुऊन घेतली तर?" ते पुटपुटले. सवय हो, दुसरं काय!

सत्यभामाबाईंनी पडल्या पडल्याच हाताने मला बाजूला सारलं.

"आवं," त्या म्हणाल्या, "मला येकच हाय."

बाबासोंनी माझं झाकण लावलं. त्यांनी मला कचऱ्याच्या डब्यात टाकलं, हात पुन्हा धुतले, गार पाण्यात स्वच्छ फडकं पिळून बायकोच्या मिटल्या डोळ्यावर ठेवलं आणि म्हणाले, "चल, डॉक्टरीणबाईकडं जाऊ. तुजं औषध तुज्या नावानं आणू."

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगतात आणि शेवटी हात जोडतात, की आम्हाला जपा, टाकू नका. मी उलटंच मागते. माझी कीव करू नका. माझी मुदत संपली की मला टाका, अर्धी भरलेली असले तरी टाका. मला कुणाला उसनी देऊ नका, मग तो जिवाभावाचा का असेना. आणि डोळा दुखला, धूसर दिसलं, पिवळं आलं, तर माझ्याकडे पाहूही नका, थेट डॉक्टरांकडे जा.

डब्याचं झाकण नीट लागलेलं नव्हतं, म्हणून मला दार दिसत होतं. सत्यभामाबाईंनी वाकून आपली चप्पल शोधली, पायात घातली. मग बाबासोंचीही शोधून त्यांच्या पायापुढे सरकवली, कारण बाबासोंना डोळ्यांतल्या पाण्यानं काही दिसत नव्हतं.