पोळ्याच्या रंगाचं दार

थांबा. आधी नाव सांगा, कुणाकडं आलात ते सांगा, मग पुढचं बोलू. राग मानू नका. मी दरवाजा आहे, आणि विचारल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही हेच माझं काम. ताडकळसला बाजाराच्या गल्लीत दगडी जोत्याचं, माळवदाचं जुनं घर आहे ना, त्याचा मी मोठा दरवाजा. सध्या माझा रंग डाळिंबी आहे आणि कडेनं निळे पट्टे आहेत. हसू आलं असेल तर हसून घ्या. पण हा रंग मला का लागला ते ऐका आणि मग जा.

मी मूळचा किनवटकडच्या रानातला साग. निजामाच्या राजवटीत या घराच्या मालकांनी, म्हणजे आताच्या अप्पारावांच्या आजोबांनी, मला बैलगाडीवर घालून इथं आणलं. सुतारानं दोन फळ्या केल्या, कडेनं वेल कोरली, वर गणेशपट्टी बसवली, पितळेची फुलं ठोकली. लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायचे. तेव्हा मी संशयी नव्हतो. रझाकारांच्या दिवसांत झालो. कुणीतरी बाहेरून थाप मारायचं आणि आतली सगळी माणसं श्वास धरून बसायची. पोरांच्या तोंडावर हात ठेवलेले मी पाहिलेत. ती सवय मला तेव्हा लागली, ती काही सुटली नाही.

इतकी वर्षं उभं राहून मला माणसं ओळखू येतात. जो हलकेच कडी वाजवतो तो काहीतरी मागायला आलेला असतो. जो गल्लीपासूनच हाका मारत येतो तो घरचा. आणि जो कडी न वाजवता माझ्यावर नुसता हात फिरवत उभा राहतो, त्याच्यापासून सांभाळून राहावं.

या घराची एक रीत होती. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवली की डब्याच्या तळाशी जो रंग उरायचा तो मला लावायचे. बैल राखतात शेत, दार राखतं घर, मग दोघांना एकच रंग, असं पहिले मालक म्हणायचे. मला विचारलं कोणी? एका वर्षी हिरवा, एका वर्षी निळा, एकदा तर अर्ध्यातच डबा संपला म्हणून खाली पिवळा आणि वर गुलाबी. कोरलेली वेल रंगात बुजून गेली. मी मनातल्या मनात चरफडायचो. पुढं बैल विकले, ट्रॅक्टर आला आणि रंगही थांबला. मग उन्हानं पोपडे सुटू लागले. गुलाबीखालून निळा, निळ्याखालून हिरवा, असा मी जागोजागी दिसू लागलो.

आता घरात एकटे अप्पाराव असतात. शाळामास्तर होते, निवृत्त झाले. त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई गेल्यापासून त्यांचं बोलणं कमी झालंय. मुलगा श्रीनिधी परभणीला नोकरीला आहे, तो सारखा म्हणतो, इकडं या. मुलगी प्राचीही परभणीतच राहते. तिचा धंदा जरा वेगळा. जुनी घरं ती रंगवते, सजवते. सिमेंटचे लेप काढून चुना लावते, रंगानं भरलेले खांब साफ करून लाकूड मोकळं करते.

या सगळ्यांत माझा विश्वास एकाच माणसावर होता, अप्पारावांवर. ते दर शनिवारी माझ्या बिजागऱ्यांना तेल सोडतात. रात्री आतून आडणा, म्हणजे आडवा दांडा, लावताना एकदा तळहातानं मला दाबून बघतात. असा माणूस दगा देईल असं कुणाला वाटेल?

प्राचीवर मात्र माझा डोळा होता. उन्हाळ्यापासून ती दर रविवारी स्कूटीवर यायची, बापाला जेवायला वाढायची आणि लगेच माझ्यापाशी येऊन बसायची. आधी फोटो काढले. लांबून, जवळून, पितळी फुलांचे वेगळे. मग टेप लावून मला मापलं. मग बोटानं टकटक करून कान लावला. एवढी चौकशी घरचं माणूस कशाला करेल, तुम्हीच सांगा. मला वाटलं, पोरीनं गिऱ्हाईक गाठलंय.

एके दिवशी तिनं पातळ पात्याची खरवडणी काढली आणि खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा खरवडली. सगळे रंग भुगा होऊन उंबऱ्यावर पडले. खालचं लाकूड उघडं पडलं, त्यावर तिनं कापसानं जवसाचं तेल फिरवलं.

"बाबा, बघा तर खरं," ती म्हणाली. "काय साग आहे हा. मला चार रविवार द्या. सगळा रंग उतरवते, तेल पाजते. ती वेल पुन्हा दिसेल."

अप्पाराव बाहेर आले. बघून त्यांचा चेहरा उतरला.

"कशाला नसता उद्योग करायलीस? हाय तसं राहू दे. पुन्यांदा हात नको लावूस त्याला."

माझी छाती भरून आली. म्हटलं, बघा, आपला माणूस तो आपला माणूस. प्राची खरवडणी पुसून पिशवीत ठेवू लागली. लाकूड चांगलं निघालं की भाव चढतो, तेच बघायला खरवडलं असणार, अशी माझी खात्री झाली. मध्ये एकदा सकाळी अप्पारावांनीही माझा एक फोटो काढला होता. पण तो मी मनावर घेतला नाही. श्रीनिधीच्या पोराला पाठवायचा असेल.

श्रावण सरत आला तसा एक पांढऱ्या कपड्यांतला माणूस गल्लीत उतरला. कडी वाजवली नाही. माझ्यावर हात फिरवत उभा राहिला. मी सावध झालो. तो मानवतचा दत्तराव, जुन्या घरांचे दरवाजे, खांब, झोपाळे विकत घेणारा. आता प्राचीचं नाव घेईल म्हणून मी कान टवकारले.

"अप्पाराव सर हायत का?" त्यानं हाक दिली. "फोटो पाठवला होता तुमी."

मी बिजागऱ्यांत जागच्या जागी गार झालो.

अप्पाराव बाहेर आले, त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. दत्तरावनं माझ्या पोपड्यांवर नख फिरवलं.

"सर, एक करा. याला हात लावू नका. पुसू सुद्धा नका. हे पोपडे हायत न्हाई का, यालाच गिऱ्हाईक हाय. रंग काढला का नवीन लावला, की त्यात काय राहिलं? पुण्याकडं मोठ्या हॉटेलात उभं करतेत असलं दार. भिंतीला टेकवायचं, वरून लाइट सोडायची."

"उघडतं-झाकतं का तिथं?" अप्पारावांनी विचारलं.

"दाराला उघडायचं काय काम सर? बघायला घेतेत ते."

मला वाटलं, आता हाकलतील. पण ते म्हणाले, "बरं. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी, करीला, टेम्पो घेऊन या. जबान दिली तुमाला."

तर असं. ज्या हातानं तेल घातलं त्याच हातानं विकलं. आणि आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. हात नको लावूस, असं त्यांनी पोरीला सांगितलं ते माझ्या मायेपोटी नव्हतं. फोनवर दत्तरावनं आधीच ताकीद दिली असणार. मला भयंकर वाईट वाटलं. आता यापुढं कुणावरच भरवसा नको, असं ठरवून मी मोकळा झालो.

रविवारी प्राची आली तेव्हा त्यांनी तिला स्वतःहून सगळं सांगितलं, दत्तरावला हे पोपडेच हवेत तेही. दोघं माझ्या आतल्या बाजूला उभी होती.

"मी दिवाळीआधी श्रीनिधीकडं जायलोय," अप्पाराव म्हणाले. "मागं राहतं रिकामं घर. रिकाम्या घराचं काय होतं, बघितलं न्हाई का? गल्लीच्या टोकाच्या बायनाबाईच्या घराला कुलूप होतं, चोरांनी चौकटीसकट दार नेलं. गावातल्याच कुणाचं तरी काम. चोरानं नेण्यापरीस आपल्या हातानं दिलेलं बरं."

"घर रिकामं कशाला राहील? मी राहते इथं. माझी कामं पूर्णा, पालम, गंगाखेड सगळीकडं असतात. इथून जाणं-येणं मला सोपंच पडेल."

"आज म्हणायलीस. उद्या कंटाळशील आन् निघून जाशील. मग पडलं घर उघडं."

"माझ्यावर तेवढाही विश्वास नाही तुमचा?"

अप्पारावांनी माझ्या फळीवर तळहात टेकला. त्यांचं मन तिथं जरा हललं, ते मला दिसलं. पण मग ते म्हणाले, "आता बोलून उपयोग न्हाई. जबान दिलीय. आजवर मी दिलेली जबान फिरवली न्हाई. लोक काय म्हणतील त्याचं न्हाई, मलाच झोप येणार न्हाई."

"आणि त्यांनीच फिरवली तर?" प्राचीनं विचारलं.

"त्यानं फिरवली तर मी मोकळा."

प्राचीनं माझ्याकडं बघितलं. वरपासून खालपर्यंत. मला ती नजर अजिबात आवडली नाही.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, प्राची लवकर आली. अंगात बापाचा जुना सदरा, डोक्याला फडकं. आल्या आल्या ती शेजारच्या महारुद्रकडं गेली. त्याच्याकडं अजून बैलजोडी आहे. तिथून ती दोन डबे घेऊन आली. शिंगांचा उरलेला रंग. एकात डाळिंबी, एकात निळा.

जन्मभर जुन्या लाकडावरचा रंग उतरवणारी ही पोर, तिनं ब्रश बुडवला आणि थेट माझ्या पोपड्यांवर ओढला. घासणं नाही, अस्तर नाही. मला तर वाटलं, हिला वेड लागलं. जाता जाता माझी शोभा करून पाठवायली की काय? रंग पोपड्यांच्या फटींत शिरला, हिरवा गेला, गुलाबी गेला, पितळी फुलांवर ओघळ आले. बाहेरची बाजू झाली तशी ती आत आली आणि आतूनही तसाच थापू लागली.

खालच्या कोपऱ्याशी तिचा हात थांबला. तिनं खरवडून उघडं केलेलं लाकूड तिथं होतं. ती खाली उंबऱ्यावर बसली. नाक पुसलं तसा गालाला रंग लागला. मग तिनं डोळे बारीक केले आणि त्या जागेवरही रंग ओढला. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी इतके दिवस चुकीच्या माणसावर डोळा ठेवून होतो.

अप्पाराव ओट्यावर पेपर वाचत बसले होते. त्यांना दिसत नव्हतं असं म्हणू नका. एकदा त्यांनी पेपर खाली केला, मुलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पान उलटलं.

दुपारी टेम्पो आला. दत्तराव दोन हमाल घेऊन उतरला आणि जागीच उभा राहिला.

"हे काय केलं सर?"

"काल पोळा झाला," अप्पाराव म्हणाले. "आमच्या घरात उरलेला रंग दाराला लावतेत. जुनी रीत हाय."

"मी म्हणलो होतो, पुसू सुद्धा नका."

"पुसलं कुठं?"

दत्तरावनं अंगठा टेकवला, तो लाल झाला. इकडं तिकडं बघून त्यानं तो माझ्याच चौकटीला पुसला. "आता हे घेऊन काय करू मी? खरवडावं तर खालचे सगळे थर त्याच्यासंगं जातेत. गिऱ्हाईकाला मी पोपडे दाखवलेत, हे बैलाचं शिंग न्हाई दाखवलं."

"दार हजर हाय," अप्पाराव उठून उभे राहिले. "मी तुमाला दिलंय. न्या."

एवढं होऊनही हा माणूस मला देतो की काय? प्राची आत भिंतीला धरून उभी होती.

"नको म्हणलो ना सर."

"नीट सांगा. नेता का न्हाई?"

"न्हाई नेत. नको मला."

"मग जबान तुमी फिरवली, मी न्हाई. ध्यानात ठेवा."

एवढं बोलून अप्पाराव आत आले आणि त्यांनी मला त्याच्या तोंडावर बंद केलं. कडी लावली. बाहेर टेम्पो चालू झाला, गल्ली ओलांडून गेला. तोवर दोघांपैकी कुणी हललं नाही.

मग अप्पाराव माझ्याशी पाठ लावून हळूहळू खाली बसले. पांढरा धुतलेला सदरा, आणि ओला डाळिंबी रंग.

"बाबा, रंग ओला आहे," प्राची म्हणाली.

"माहीत हाय मला," ते म्हणाले. आणि तोंडावर हात घेऊन लहान पोरासारखे रडले. प्राची शेजारी बसली. तिनंही पाठ टेकवली.

या गोष्टीला महिना झाला. प्राचीचं सामान आलंय, समोरच्या खोलीत चुन्याच्या गोण्या रचल्यात. अप्पाराव श्रीनिधीला फोनवर सांगतात, दिवाळीनंतर बघू. माझं विचाराल तर मला अजून पुरता भरवसा नाही. प्राची कधी कधी माझ्याकडं अशी बघते की तिची बोटं खरवडणीसाठी शिवशिवत असणार. आणि अप्पारावांनी शनिवारी तेल घातलं की मी आता आधी त्यांचा खिसा बघतो, मोबाइल बाहेर काढतात का ते.

त्या दुपारी दोघांच्या पाठीला चिकटून आतल्या बाजूचा रंग जिथं निघाला, तिथं दोन माणसांच्या पाठीची जागा फिकी राहिली आहे. प्राची ती भरायला बसली होती, अप्पाराव नको म्हणाले. तुम्ही आत आलात तर बघा खुशाल. फक्त खरवडू नका आणि विकत मागू नका. मागायचंच असेल तर दोघं घरात असताना मागा, कारण या घरात आता एकट्याला जबान देता येत नाही.