दुसऱ्याचं वर्ष

सोफ्याच्या कडेवर बसून तिने एक चप्पल काढली, दुसरी हातात धरली आणि भुवया उंचावून समोर पाहिलं, हुबेहूब नवरा पाहतो तसं.

"आणि ती बाई बाथरूममधून बाहेर आली. डोक्याला टॉवेल. बघते तर काय, हे आपले सोफ्यावर बसून आरामात चप्पल काढतायत."

लेक आधीपासूनच हसत होती. जावयाने हातातला कप टेबलावर ठेवला, नाहीतर चहा अंगावर सांडला असता.

"मग?" त्याने विचारलं. त्यालाही पुढचं ठाऊक होतं, पण विचारल्याशिवाय मजा नाही.

"मग काय, किंचाळली ती. आणि हे म्हणतात कसे, 'घाबरू नका बाई. मी तुमच्या कुलपाची परीक्षा घेत होतो. नापास.'"

ही गोष्ट सगळ्या गल्लीला पाठ होती. उन्हाळ्यातल्या एका दुपारी तिचा चावीवाला नवरा दुकान बंद करून निघाला तो थेट त्यांच्या जुन्या घरी गेला. ते घर केव्हाच विकलेलं. खिशातली चावी लागेना, तर पठ्ठ्याने तारेने कुलूप उघडलं आणि आत जाऊन बसला. उघडायला दोन मिनिटंही लागली नसतील. दुसरा कोणी असता तर पोलीस आले असते. याला त्या बाईने चहा पाजला आणि नवीन कुलूपही त्याच्याकडूनच बसवून घेतलं. मस्करीसाठी हा माणूस काय वाटेल ते करील, अशी त्याची ख्यातीच होती.

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी या घरात स्वतःचं वर्ष कोणी सांगायचं नाही, असा रिवाज होता. तो चावीवाल्याच्या वडिलांनी घालून दिलेला. तेही चावीवालेच. स्वतःचं सांगायला बसला की माणूस एकतर रडगाणं गातो नाहीतर टेंभा मिरवतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून सगळ्यांच्या घराच्या चाव्या एका वाडग्यात टाकायच्या, डोळे मिटून एक उचलायची आणि ज्याची चावी हाताला लागेल त्याचं वर्ष सांगायचं. सांगणाऱ्याला मध्ये अडवायचं नाही. जो अडवील त्याने सगळी भांडी घासायची.

यंदा तिच्या हाताला नवऱ्याची चावी लागली. आयतं घबाडच. जुळवाजुळव करायची गरजच नव्हती, वर्षभर त्यानेच मालमसाला पुरवला होता. तिने एकेक किस्सा काढला. एका गिऱ्हाइकाला त्याने तीन वेळा चावी करून दिली, तिन्ही वेगळ्या आणि एकही त्याच्या कुलपाची नाही. रविवारी भल्या पहाटे दुकान उघडून बसला आणि बाजार बंद का म्हणून शेजारच्या पानवाल्याला फोन केला. जावयाला तर एकदा दिवसभर 'साहेब, साहेब' करत राहिला, जाताना "पुन्हा या, ओळख ठेवा" असंही म्हणाला. जावई त्या दिवशी घाबरून गेला होता, सासऱ्यांचं काय बिनसलं म्हणून. आता तो स्वतःच मांडीवर हात मारत होता.

सगळ्यात जास्त हसला तो चावीवाला. डोळे पुसत म्हणाला, "या बाईला कोणीतरी नाटकात घ्या रे."

मग त्याची पाळी आली. त्याच्या हाताला बायकोचीच चावी लागली होती. तो खाकरला, पाय वर घेऊन खुर्चीत नीट बसला. सांगावं तर त्यानेच. लेक लहानपणापासून दरवर्षी याच घटकेची वाट पाहत आली होती.

"तर मंडळी, आमच्या राणीसरकारांचं वर्ष. सुरुवात झाली ती लेकीच्या लग्नाने."

लेकीने नवऱ्याच्या पायावर हळूच पाय दिला. झाले बाबा सुरू. लग्नाला दोन वर्षं होत आली होती.

पण तो सुरेख सांगत होता. लग्नाच्या सकाळी लेकीच्या कपड्यांची शिवण उसवली आणि आई नटूनथटून, चष्म्याशिवाय सुई ओवत बसली, ते सांगितलं. मग ती कामाला होती त्या पडद्यांच्या दुकानाच्या एका गिऱ्हाइकाच्या घरी पडदे लावताना ती स्टुलावरून पडली, गुडघ्याला प्लास्टर बसलं, आणि तिच्या मदतीला म्हणून त्याची थोरली बहीण राहायला आली. नणंद-भावजयींचं पडदा डावीकडून उघडावा की उजवीकडून, यावरून कसं वाजलं, ते त्याने दोघींच्या आवाजात करून दाखवलं. एक शब्द खोटा नव्हता. फक्त ते सगळं मागच्या वर्षीचं होतं.

ती ओठांवर हसू धरून बसली होती. आता गोष्ट उलटवील, आता कोपरखळी मारील, असं तिला वाटत होतं. जावयानेही अजून हसायची तयारी ठेवली होती.

"आणि आता पडद्यांच्या दुकानात मुख्य होणार म्हणे बाईसाहेब. मालक बोललाय."

त्याच्या पाठीमागे, खोलीच्या कोपऱ्यात तिचं शिलाई मशीन होतं. ते दुकान बंद पडून बरेच महिने झाले होते. मशीन घरात आणलं तेव्हा ते वर चढवताना त्यानेच एका बाजूने उचललं होतं. ती मशीनकडे पाहत राहिली.

"बाकी हिचं वर्ष ताईशिवाय पुरं होत नाही," तो म्हणाला आणि टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. "येईलच आता तिचा फोन. दरवर्षी बरोबर माझ्या पाळीला करते. मुद्दाम."

लेकीचा पाय अजून नवऱ्याच्या पायावर होता, तो तिने काढून घेतला.

"अहो," ती म्हणाली. "पुरे."

"अडवलं!" चावीवाल्याने टाळी वाजवली. "भांडी तुझी."

जावई एकटाच हसला, अर्धवट, आणि थांबला.

तिने कप गोळा केले. कप एकमेकांवर वाजत होते. स्वयंपाकघरात येऊन तिने ते ओट्यावर ठेवले आणि ओट्यालाच धरून उभी राहिली. तीन चाव्या. रविवारचं दुकान. साहेब. आत्ता अर्ध्या तासापूर्वी तिने हे सगळं स्वतःच्या तोंडाने, हातवारे करून सांगितलं होतं आणि लोकांना हसवलं होतं. वर्षभर हसवत होती. शेजारणीला, गिऱ्हाइकांना, बसमधल्या अनोळखी बाईला. नवरा डोळ्यांसमोर हरवत चालला होता आणि ती त्याच्या नकला करत होती. तिला स्वतःची भीती वाटली.

तो मागोमाग आला. फडकं घेऊन शेजारी उभा राहिला, कप पुसायला. ती धुवायची, तो पुसायचा.

"त्या घरी मी मस्करी करायला गेलो नव्हतो," तो म्हणाला.

तिने हात थांबवला.

"मला आपलं घर वाटलं. चावी लागेना, तर वाटलं कुलूप बिघडलंय. ती बाई ओरडली तेव्हा काहीतरी बोलायला तर हवं होतं. बोललो."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगायलाच आलो होतो. माझ्याआधी गोष्ट घरी पोचली होती. दारात आलो, तर तू पोट धरून हसत होतीस." तो जरासा हसला. "म्हटलं, चला. बरंय."

तो कपाचा कान पुसत राहिला, पुसून झालेला तोच कप पुन्हा पुन्हा.

"आत्ता काय चुकलं माझं? तुझा चेहरा बघितला मी. मस्करी नको करूस, नीट सांग."

"लग्न गेल्या वर्षी झालं."

"बरं. गुडघा?"

"तोही गेल्या वर्षी. दुकान बंद झालं. मी घरीच शिवते आता."

तो मान हलवत होता, गिऱ्हाईक कुलपाची तक्रार सांगत असताना हलवतो तशी. मग मान थांबली.

"ताई?"

काहीतरी चतुर बोलून वेळ मारून नेणं तिच्या अगदी जिभेवर होतं. या घरात तीच रीत होती, आणि ती रीत तिला त्याच्याइतकीच येत होती. ताई झोपल्या असतील. ताईंचा फोन बिघडलाय. तिने ओले हात पदराला पुसले.

"ताई आता नाहीत हो."

त्याने कप खाली ठेवला. ठेवताना तो ओट्याच्या कडेला टेकला, पण पडला नाही.

"कधी?"

"उन्हाळा लागायच्या आधी. झोपेतच. तुम्ही होतात तिथे. दिवसभर होतात."

"मी होतो?"

"होतात. सगळं तुम्हीच केलंत."

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीत एक बाई दोरीवरचे कपडे काढत होती. दोरी रिकामी होईपर्यंत तो पाहत राहिला.

"रडलो का मी?"

तिला तो दिवस आठवला. भरलेलं घर, मध्ये हा, ताईंच्या लहानपणच्या खोड्या रंगवून सांगणारा. रडायला आलेली माणसं हसत परत गेली होती. केवढा धीराचा माणूस, असं ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. तिनेही म्हटलं होतं, अभिमानाने.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही सगळ्यांना हसवत होतात."

त्याने मान खाली घातली. खांदे हलायला लागले तसा त्याने हात लांब करून नळ सोडला, पुरता. भांड्यांवर पाणी आदळायला लागलं आणि बाहेरच्या खोलीतली कुजबुज ऐकू येईनाशी झाली. त्या आवाजाच्या आडोशाला तो ओट्यावर वाकून रडत होता, तोंड दाबून, आजच बहीण गेल्यासारखा.

ती त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग दुसरा हात पुढे करून तिने नळ बंद केला.

"ऐकू दे त्यांना," ती म्हणाली.