केबिनमधला चहा

आमच्या फौंड्रीत शिव्यांना कुणी भीत नव्हतं. शिव्या मिळतात म्हणजे नोकरी शाबूत, एवढाच त्याचा अर्थ. भीती होती ती केबिनमधल्या चहाची. जुने मॅनेजर ज्याला काढायचं त्याला समोर खुर्चीवर बसवायचे, चहा पाजायचे आणि कप रिकामा झाला की म्हणायचे, "उद्यापासून येऊ नका."

अठ्ठ्याण्णव साली नवे मॅनेजर म्हणून प्रसेनजीतसाहेब आले. शिकलेला, गोड बोलणारा माणूस. त्यांना हे कुठून माहीत असणार! आल्या आल्या त्यांनी एकेकाला केबिनमध्ये बोलावून चहा द्यायला सुरुवात केली. विचारायचे, "कामात काही अडचण?" अडचण सांगायला कुणाला वेड लागलंय! जो तो "झकास हाय की, साहेब" म्हणून जीव वाचवून बाहेर पडायचा.

त्या दुपारी कुतुबुद्दीनभाईंना बोलावणं आलं. भाई माझ्या शेजारी साचे भरायचे. त्यांची नजर अधू होत चालली होती आणि ते फक्त मला ठाऊक होतं, कारण त्यांचे साचे मीच गुपचूप तपासायचो. घरात कमावते ते एकटेच.

काचेतून बघितलं तर कप समोर आणि भाईंचे हात मांडीवर. प्यायलोच नाही तर काढणार नाहीत, असं वाटलं असेल बिचाऱ्यांना. राहवेना, तसाच आत घुसलो.

"साहेब, भाईंस्नी काढू नका! डोळ्यांनी दिसत न्हाय त्यांना, पर त्यांचे साचे मी बघतोय की!"

भाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की वाटलं, आपली जीभ का झडली नाही!

साहेब गोंधळले. "काढतंय कोण? रजा घ्या, डोळे दाखवा, काम कुठं जात नाही. पण भाई, मी मघापासून विचारतोय, सांगितलं का नाहीत?"

"च्या म्होरं आल्यावर कोण तोंड उघडंल, साहेब?" भाई म्हणाले. "हितं च्या पाजूनच काढत्यात."

साहेब खुर्चीत पुढं सरकले. "म्हणजे क्रेनवाला ज्ञानूसुद्धा? काल इथंच बसून म्हणाला, क्रेन झकास आहे."

आम्ही दोघांनी माना खाली घातल्या.

"बोला की!" साहेब पहिल्यांदाच ओरडले.

"साखळी घसरतीया," मी म्हणालो. "समद्यांस्नी ठावं हाय."

खुर्ची लोटून ते शेडकडं धावले. तिथं वितळलेल्या लोखंडाची बादली नुकतीच वर चढत होती आणि खाली माणसं साचे मांडून उभी होती.