इदालिनाची चार मिनिटं

बेनेदितानं स्टॉपवॉच थांबवलं, कागदावरची बेरीज पुन्हा एकदा तपासली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"इंग्रजी चौतीस मिनिटं दहा सेकंद. पोर्तुगीज एकतीस चाळीस."

लिस्बनमधल्या त्या खोलीत पोर्तुगालची निवड समिती बसली होती. ऑस्करला पाठवायचा सिनेमा परक्या भाषेचा हवा. त्यातलं निम्म्याहून जास्त बोलणं इंग्रजीत असेल तर अमेरिकेतून तो सरळ परत येतो. मागे एकदा तसं झालं होतं आणि पेपरवाल्यांनी समितीची पार लाज काढली होती. तेव्हापासून बेनेदिता प्रत्येक वाक्य घड्याळ लावून मोजायची. पोर्तुगालनं आजवर कितीतरी सिनेमे पाठवले, पण शेवटच्या पाचांत एकाचंही नाव लागलं नव्हतं. त्यात आता मोजणीतच बाद व्हायचं म्हणजे फारच झालं.

"अडीच मिनिटं कमी पडली," समितीचे अध्यक्ष तेओतोनिओ म्हणाले. "मतं तुझ्याच सिनेमाला आहेत, झुल्मिरा. माझंसुद्धा. पण नियम आपल्या हातात नाही."

"त्या हॉटेलच्या मॅनेजरची बडबड कापू का?"

"प्रदर्शित झालेला सिनेमा आता कापणार? वेडी आहेस का?"

झुल्मिरानं मान खाली घातली. सात वर्षं तिनं या एका सिनेमात घातली होती. इंग्रजी बोलणाऱ्या जर्सी बेटावरच्या हॉटेलात सव्वीस वर्षं खोल्या झाडणारी, पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची बाई, ही तिच्या आईचीच गोष्ट. सिनेमात कामही आईनंच केलं होतं, कारण तसं गप्प राहणं एकाही नटीला जमेना. आईला इंग्रजी येत नव्हतं म्हणून सबंध सिनेमाभर मॅनेजर बोलतो आणि आई ऐकते. आता तेच नडलं होतं. झुल्मिराला रडायला येत होतं आणि आईसमोर रडायचं नव्हतं.

आई, म्हणजे इदालिना, भिंतीशी खुर्चीत बसली होती. मदेराहून आणलेला काकवीचा केक तिनं हातानं मोडून बशीत ठेवला होता. त्याला सुरी लावलेली तिला खपत नसे.

"बाई, मला तो कागद वाचून दाखवता?" तिनं बेनेदिताला विचारलं. "मी कुठं कुठं बोलले ते."

"आई, राहू दे ना."

"तू गप. वाचा हो बाई."

बेनेदितानं चष्मा चढवला आणि वाचायला लागली. धोबीखान्यात चाळीस सेकंद. बसमध्ये मैत्रिणीशी तीन मिनिटं. मग स्वयंपाकघर. "इथं शून्य. टेपरेकॉर्डर चालू आहे, नळ चालू आहे, तुम्ही भांडी घासताय. म्हणून मी 'पार्श्वध्वनी' लिहिलंय."

"भांडी हातानं घासतेय. तोंडानं जपमाळ म्हणतेय."

"टेपबरोबर?"

"टेपबरोबर कशाला? आईबरोबर. मी जर्सीला निघाले तेव्हा तिनं ती कॅसेट भरून दिली. अर्धी प्रार्थना ती म्हणते आणि थांबते. उरलेली मी म्हणायची. दोघीजणी लागतात त्याला. घरी रोज तसंच म्हणायचो आम्ही."

झुल्मिरा आईकडे बघत राहिली. तो प्रसंग तिनं स्वतः चित्रित केला होता. लहानपणापासून ऐकलेला तो आवाज तिच्या कानांना इतका सरावाचा होता, की त्यात बोलणं आहे हे तिच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"इदालिनाबाई, रेकॉर्ड केलेल्या आवाजाशी कुणी संवाद करत नाही," तेओतोनिओ म्हणाले. "उद्या कुणी हरकत घेतली तर मी काय सांगू?"

"आधी ऐका, साहेब. मग काय सांगायचं ते सांगा."

बेनेदितानं प्रसंग लावला. पडद्यावर पाठमोरी इदालिना, नळाचा आवाज, आणि फळीवरच्या टेपरेकॉर्डरमधून एका म्हातारीचा खरखरीत आवाज आला.

"नमो मारिये, कृपापूर्णे, प्रभू तुझ्याबरोबर आहे..."

आवाज थांबला. त्या रिकाम्या जागेत, नळाच्या आवाजाखालून, इदालिनाचं उत्तर ऐकू आलं. तिचं संपल्याबरोबर म्हातारी पुन्हा सुरू झाली. लेकीला किती वेळ लागतो ते तिला नेमकं माहीत होतं.

चौथ्या खेपेला म्हातारी थांबली तेव्हा बेनेदितानं आवाज वाढवायला हात पुढं केला आणि तसाच ठेवला. खोलीतच कुणीतरी बोलत होतं.

"हे पवित्र मारिये, देवमाते, आम्हा पाप्यांसाठी विनंती कर..."

तेओतोनिओ होते. नजर पडद्यावर, हातात केकचा तुकडा. पन्नास वर्षांत लग्नामयतीलासुद्धा चर्चच्या दारातून आत न गेलेला माणूस. पुढच्या खेपेलाही ते म्हणाले, त्याच्या पुढच्याही. इदालिना खुर्चीतून त्यांच्या सुरात सूर मिळवत होती. झुल्मिराचे डोळे वाहायला लागले आणि तिनं ते पुसलेही नाहीत.

प्रसंग संपला. तेओतोनिओ बेनेदिताकडे वळले.

"किती झालं?"

"चार मिनिटं बरोबर."

"दोघींचं मिळून?"

"दोघींचं मिळून. पोर्तुगीज पस्तीस चाळीस. दीड मिनिटानं पुढं."

"पार्श्वध्वनी खोडा. संवाद लिहा." त्यांनी पेन उघडलं आणि निवडीच्या कागदावर सही केली. "कुणी हरकत घेतली तर म्हणावं, अध्यक्षांनी स्वतः उत्तर दिलंय."

झुल्मिरा धावत जाऊन आईच्या गळ्यात पडली. इदालिना तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि मग लेकीच्या खांद्यावरून बेनेदिताला म्हणाली,

"माझ्या आईला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, बाई. मॅनेजरला हरवलं तिनं."