पियानोच्या कानात

दिवसभर लॅबमध्ये बसून लोकांच्या कवळ्या घडवणाऱ्या बाईने जॅझ वाजवावा, आणि तोही उकुलेलेवर, हे ऐकून कोणालाही हसू येईल. तिला स्वतःलाही यायचं. पंधरा वर्षांपूर्वी वाढदिवसाला दादाने ते चार तारांचं, कुशीत मावणारं वाद्य तिच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "घे, तुझ्या मापाचं." थट्टाच होती ती. पण बाई पडली हट्टी.

जॅझचे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे सुरांचे गुच्छ, पाच-पाच, सहा-सहा सुरांचे आणि हिच्याकडे तारा मोजून चार. म्हणजे काय वाजवायचं याच्या आधी काय गाळायचं ते ठरवायचं. पायाचा सूर बासवाला, म्हणजे खर्जातलं ते मोठं तंतुवाद्य वाजवणारा, धरतोच, तो खुशाल सोडून द्यायचा आणि उरलेल्यांतले बोलके तेवढे पकडायचे. कवळीत दात बसवावा तसा ती एकेक सूर बसवून बघायची. नाही बसला की काढायचा, दुसरा लावायचा. मनासारखा बसला की स्वयंपाकघरात एकटीच "वा गं वा!" म्हणून घ्यायची. दुसरं कोण म्हणणार?

गेली दोन वर्षं दर रविवारी दुपारी एका हॉटेलच्या चहाच्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम असायचा. पियानोवर दादा, बासवर सगळे ज्याला शिडी म्हणत तो लांबलचक गडी, मागे ड्रमवाला आणि कडेच्या स्टुलावर ही. ग्रुपमध्ये सगळे हिला पिटुकली म्हणत. गाजत होता तो मात्र दादाचा पियानोच. लोक चहा विसरून ऐकत. घरी जाताना गाडीत दादा खुशीत असायचा. "आज तो मधला कॉर्ड कसा सुचला बघ!" आणि गंमत म्हणजे, गाण्याची चाल पुन्हा पुन्हा फिरते, तिच्या आदल्या फेरीत साथीला तिनेही नेमका तोच कॉर्ड धरलेला असायचा. ती मनात म्हणायची, एका आईची लेकरं आम्ही, सुचणारही सारखंच. याचा तिला इतका अभिमान होता की "एकटीने वाजवायची फेरी तुला पुढच्या महिन्यात नक्की देतो" हे त्याचं पालुपद ती दोन वर्षं मुकाट ऐकत आली.

त्या रविवारी रेडिओच्या संगीत विभागातल्या बाई ऐकायला येणार होत्या. त्यांना पसंत पडलं तर रेडिओवर थेट कार्यक्रम. "आज तरी माझी फेरी ठेव ना रे," ती सकाळी म्हणाली होती. "आज नको गं, आज धोका नको," दादा म्हणाला होता. ठीक आहे, तिला वाटलं, साथीतही ऐकू येईनच की मी.

नेहमीच्या साउंडवाल्याची कंबर धरली होती, म्हणून बदलीवर एक काका आले होते. चष्मा कपाळावर ढकलून ते मिक्सरवर वाकले होते. मिक्सर म्हणजे स्वयंपाकघरातला नव्हे, आवाजाच्या पट्ट्या वर-खाली करायचा. त्याच्या कडेला चिकटवलेला कागद त्यांनी वाचला आणि पिटुकलीला हाक मारली.

"ताई, चार नंबर तुमचाच ना? हे लिहिलंय तसंच ठेवायचं?"

तिने वाकून पाहिलं. 'चार. उकुलेले. हॉलमध्ये बंद. तिच्या पायाजवळच्या स्पीकरला थोडा. पियानोच्या कानात पूर्ण.'

तिने पुन्हा वाचलं. अक्षर दादाचं. लहानपणी तिच्या वह्यांवर नाव घालून द्यायचा तेच.

"हॉलमध्ये बंद म्हणजे?"

"म्हणजे लोकांना नाही जात. तुम्हाला पायाशी ऐकू येतं आणि पियानोवाल्या साहेबांच्या कानातल्या इअरफोनच्या बोंडात जातं." काकांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते चाचरले. "तुम्हाला ठाऊक असेलच..."

दोन वर्षं! ड्रमच्या एका झांजेखाली गडप होणारं ते वाद्य. वायर जोडलेली, पायाशी आवाज येतोय, तर हॉलमध्येही जात असणारच, असं ती धरून चालली होती. लोक येऊन म्हणायचे, "किती रंगून जाता हो!" छान वाजवता, असं कधी कोणी म्हटलं होतं का? आठवून आठवून थकली. एकानेही नाही.

शिडी बासच्या खुंट्या पिळत होता. तिने विचारलं तेव्हा त्याने मान वर केली नाही. "मला वाटलं, तुला माहीत आहे," म्हणाला. त्याला तसं मुळीच वाटलं नव्हतं, हे त्याचे कानच सांगत होते. लालबुंद झाले होते.

दादा पियानोशी बसून बोटं मोकळी करत होता. ती जवळ गेली. "दादा, मी हॉलमध्ये बंद आहे?"

त्याची बोटं थांबली. "कोणी सांगितलं? अगं, पिटुकले, तुला वाईट वाटू नये म्हणूनच ना. उकुलेले म्हणजे लोकांना खेळणं वाटतं. हसले असते ते."

"आणि तुझ्या कानात पूर्ण कशाला?"

"तालासाठी."

"तालाला ड्रम आहे."

ज्या माणसाने तिला सायकल शिकवली, बाबा गेले तेव्हा रात्रंदिवस तिचा हात धरून बसला, तो तिच्या डोळ्याला डोळा भिडवेना. पहिल्या फेरीत ती वाजवणार, दुसऱ्या फेरीत तो तेच पियानोवर काढणार आणि टाळ्या घेणार. सारखं सुचत होतं कुठलं! तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. तरीही तिने एक संधी दिली. भावाला नाही द्यायची तर कोणाला द्यायची?

"आज उघड. साथीपुरतं. लोकांना ऐकू दे आणि मग हसू दे."

"आज नको," दादा म्हणाला. "आज त्या बाई आहेत."

ती मिक्सरपाशी परतली. काकांनी हळूच विचारलं, "उघडू का, ताई? कळायचं नाही कोणाला."

"नको. लिहिलंय तसंच ठेवा."

कार्यक्रम सुरू झाला. ती स्टुलावर बसली, उकुलेले छातीशी धरलं, डोळे मिटले, मान डोलवू लागली. डावा हात तारांवरून नेहमीसारखा फिरत होता. उजवा हात वर-खाली होत होता, पण तारांच्या अर्धा इंच वरून. एकही तार तिने छेडली नाही.

हॉलमध्ये कोणाच्या काही लक्षात आलं नाही. चमचे वाजत होते, चहा येत होता. फक्त पियानोवर बसलेल्या माणसाने पहिल्या फेरीतच कानातलं बोंड चाचपलं. मग दाबलं. मग तिच्याकडे पाहिलं. ती रंगून वाजवत होती. त्याची फेरी आली तेव्हा त्याने शिकवणीच्या पुस्तकातले कॉर्ड धरले, बरोबर, स्वच्छ, एकामागून एक. पुढच्या गाण्यातही तेच आणि त्याच्या पुढच्यातही तेच.

रेडिओच्या बाई शेवटी भेटायला आल्या. "नीटनेटकं वाजवता तुम्ही," त्या दादाला म्हणाल्या. "पण तुमच्याबद्दल जे ऐकून आले होते, ते काही आज सापडलं नाही. बघू या, पुन्हा कधीतरी." मग पिटुकलीकडे वळून हसल्या. "तुम्ही मात्र काय रंगून जाता हो!"

गाडीपाशी दादाचा आवाज फुटला. "बुडवलंस मला! सख्ख्या बहिणीने केसाने गळा कापला!"

"मी?" ती म्हणाली. "हॉलमध्ये जाऊन विचार ना, दादा. कोणाला काही कमी ऐकू आलं का ते."

त्याने गाडीचं दार उघडून धरलं होतं, सवयीने. ती बसली नाही. कोपऱ्यावरच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली आणि येईल त्या बसमध्ये चढली.

खिडकीशी जागा मिळाली आणि तिला रडू फुटलं. रेडिओचं गेलं म्हणून नव्हे. तिला गाडीतल्या त्या सगळ्या संध्याकाळी आठवल्या. "कसा सुचला बघ!" म्हणताना तो कधी तिच्याकडे बघायचा नाही आणि तिला वाटायचं, गाडी चालवतोय, रस्त्याकडे लक्ष आहे त्याचं.