पुढच्या तारखेचा लेख

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या झाकणाचा कोपरा उडालाय, बिजागरीला चिकटपट्टीचा आधार आहे आणि पंखा फिरू लागला की मला दम्याच्या माणसासारखी धाप लागते. भिंतीतल्या वायरीचा हात सुटला, की चार ओळींतच मी मान टाकतो. तरीही बाईंच्या टेबलावरची माझी जागा अजून कुणी घेतलेली नाही.

माझा जन्म एका लांबलचक, लखलखीत दालनात झाला. हातमोजे घातलेल्या हातांनी मला जोडलं. कुणी कळा बसवल्या, कुणी पडदा. पण त्यांतला एकही चेहरा मी पाहिला नाही, कारण माझे डोळे सगळ्यात शेवटी उघडले. मग खोका, काळोख आणि दुकानाची काच. तिथून मला बाईंनी उचललं. सोबत त्यांची भाची होती. भाचीने माझा वेग विचारला, साठवण विचारली. बाईंनी दुकानदाराला एकच विचारलं, "याच्यावर बोटं दुखतात का हो?"

बाई एका मासिकाच्या संपादक होत्या. जिना चढून गेलं की दोन खोल्या, सुतळीने बांधलेले गठ्ठे, खळीचा आंबूस वास. तिथे लेखांची शीर्षकं हाताने काढणारे एक चित्रकार बसत. बोरू तासून, दौतीत बुडवून ते अक्षर काढत, म्हणून सगळे त्यांना बोरूच म्हणत. त्या कार्यालयाच्या दोन रीती होत्या. एक बाईंची: आलेल्या प्रत्येक लेखाच्या कोपऱ्यात कोणत्या अंकात जाणार ती तारीख पेन्सिलीने घालायची. तारीख नसलेला कागद म्हणजे हरवलेला कागद, असं त्या म्हणत. दुसरी बोरूंची: बाईंनी लेख मोठ्याने वाचायचा आणि त्यांनी डोळे मिटून ऐकायचा. शेवटचा शब्द कानावर पडल्याशिवाय त्यांचा हात दौतीकडे जात नसे.

मला टेबलावर पाहून बोरूंनी चष्मा कपाळावर चढवला.

"काय संपादक, नवा नोकर ठेवलास?"

"नोकर नाही रे, मदतनीस आहे."

"मदतनीस चहा तरी पितो. हा काय पिणार, वीज?"

मी दिसायला नवाकोरा होतो, पण त्या खोलीत पाहुणाच होतो. हळूहळू अंकाची पानं माझ्यावर जुळू लागली. बाईंची बोटं चालली की मी चाले, बोटं थांबली की मी वाट पाही. पण वर्गणीदार मात्र गळत होते, झाडाची पानं गळावीत तसे, आवाज न करता. एके दिवशी बाई म्हणाल्या, "छापणं थांबवू या. इंटरनेटवर ब्लॉग काढू. वाचक तिकडे गेलेत, बोरू. आपण इथे कुणासाठी बसायचं?"

"वाचक नाही गेले, त्यांची बोटं गेलीत. नुसती सरकवत बसतात."

"मग त्या बोटाखाली आपलं काहीतरी येऊ दे की!"

"येऊ दे. मी कुठे अडवतोय?"

कदाचित ते आलेही असते. पण भाचीने ब्लॉग उभा केला तेव्हा बोरूंनी काढलेलं मासिकाचं नाव लहान पडद्यावर पुसट दिसत होतं. तिने सहज त्या जागी तयार ठशाची अक्षरं बसवली. तिच्या मनात काहीही नव्हतं. बाईंनाही वाटलं, नंतर बदलू. बोरूंनी माझ्या पडद्यावर ते पाहिलं, दौत धुतली, बोरू फडक्यात गुंडाळले आणि जिना उतरून गेले. बाई खिडकीशी उभ्या राहिल्या. हाक ओठांवर आली आणि तिथेच राहिली.

मित्रांनो, त्यानंतर माझे भरभराटीचे दिवस आले. ब्लॉगवर बाई मनमोकळं लिहीत: बंद पडलेल्या मासिकांवर, नव्या यंत्रांवर, घाईघाईने लिहिणाऱ्या आणि त्याहून घाईने रागावणाऱ्या माणसांवर. मासिकात पान संपलं की लेख संपत असे; इथे पानाला तळच नव्हता. तिथे वाचकाचं पत्र महिन्याने येई, पण विचार करून आलेलं असे. इथे लेख पुरता वाचून होण्याआधीच पसंतीचा अंगठा उठे. बाईंना त्या अंगठ्यांचा लळा लागला, हे खोटं कशाला सांगू! सकाळी चहाआधी त्या माझं झाकण उघडून आकडा बघत. एकदा शेजारीणबाईंनी त्यांना मोबाईलवर एक लेख पाठवला, 'अवश्य वाचा, डोळ्यांत पाणी येईल.' लेख बाईंचाच होता. खालचं नाव तेवढं कुणीतरी कापलेलं.

"पाणी आलं का?" भाचीने विचारलं.

"आलं," बाई म्हणाल्या, "पण दुसऱ्याच कारणाने."

पुढे भाचीने त्यांना एक सोय शिकवली. लेख आधी लिहून त्याला पुढची तारीख लावून ठेवायची. त्या दिवशी तो आपोआप प्रसिद्ध होतो. बाई हरखल्या. ही तर त्यांचीच पेन्सिलीची रीत! मग त्यांनी एकही लेख तारखेवाचून ठेवला नाही.

आणि एका दुपारी बोरूंच्या सूनबाईंचा फोन आला. बोरू दवाखान्यात होते, छातीचं दुखणं होतं, डॉक्टर काही सांगत नव्हते. भेटायला घरच्यांशिवाय कुणाला सोडत नव्हते. बाई माझ्यासमोर येऊन बसल्या आणि लिहू लागल्या. छापखान्याचं वळण होतं ते, मृत्युलेख आधी तयार ठेवायचा. पण त्या दिवशी त्यांची बोटं माझ्या कळांवर पडत नव्हती, टेकत होती. लिहून झाल्यावर त्यांनी सवयीने तारीख घातली, थेट पुढच्या वर्षातली. 'तोवर तरी याची गरज न पडो,' असं पुटपुटल्या आणि माझं झाकण मिटलं.

गरज पडली नाही. बोरू बरे होऊन घरी गेले. बाईंना इतकं हायसं वाटलं की त्या लेखाला विसरून गेल्या. मात्र बोरूंना फोन त्यांनी केला नाही. काय बोलायचं, हेच सुचत नव्हतं. तेवढ्यात नवा मोबाईल आला, ब्लॉगवरचं लिहिणं मागे पडलं आणि मी टेबलाच्याच कोपऱ्यात गेलो. माझ्यावर वर्तमानपत्रं साठली, धूळ साठली.

मग ती तारीख उजाडली. मी झाकण मिटून पडलेलो. तरी लेख दूर कुठल्याशा यंत्रातून वेळेवर निघाला. बाईंचा फोन खणखणू लागला. 'फार वाईट झालं.' 'मोठा कलावंत गेला.' भाची धावत आली.

"मावशी, अगं काय केलंस! जिवंत माणसाला मारलंस!"

"काढ, काढ तो लेख आधी! त्याने बघायच्या आत काढ!"

मोबाईलवर पासवर्ड लागेना. तो एकट्या माझ्या पोटात होता. त्यांनी माझ्यावरचे कागद भिरकावले, वायर लावली. मित्रांनो, म्हाताऱ्याला असं एकदम उठवतात का? मी धापा टाकत जागा होऊ लागलो. आधी वर्तुळ फिरलं, मग काहीतरी नवं बसवून घेण्याचा हट्ट मला आठवला.

"मेल्या, आत्ताच?" बाई माझ्यावर ओरडल्या.

शेवटी पान उघडलं. लेखाखाली कितीतरी श्रद्धांजल्या जमल्या होत्या आणि सगळ्यात खाली बोरूंच्या नावाने एक ओळ होती: 'गेल्याचं आजच समजलं. मुखपृष्ठावर घेतलं असतं तर बरं झालं असतं.'

भाचीला हसू आवरेना आणि रडूही. बाईंनी फोन लावला.

"बोरू, चूक झाली रे. काढते, लगेच काढते."

"खबरदार काढलास तर!" पलीकडून आवाज आला. बारीक, पण ओळखीचा. "सूनबाईने वाचून दाखवला, ती ओळही तिच्याकडूनच लिहवून घेतली. पण ती भाजी ढवळता ढवळता वाचते. त्यात मला कळलं काय, ढेकळं? तू ये आणि नीट वाच."

त्याच संध्याकाळी मला पिशवीत घालून नेलं. बोरू खाटेवर उशीला टेकून बसले होते. नजर अधू झालेली, हात मांडीवर स्वस्थ. माझी वायर खाटेपर्यंत पुरेना, म्हणून बाईच खाली सतरंजीवर, भिंतीजवळ बसल्या. बोरूंनी डोळे मिटले.

बाई वाचू लागल्या. बोरूंच्या तिरसट स्वभावाविषयी लिहिलं होतं तिथे ते खुदकन हसले. मग ती जागा आली, जी लिहिताना बाईंची बोटं माझ्या कळांवर बराच वेळ थबकली होती: 'त्याने काढलेलं नाव मी पुसू दिलं. तो जिना उतरत होता तेव्हा मी खिडकीत उभी होते. खाली जाऊन त्याला आणायचं होतं. माझ्या हातून तेवढं...'

माझा पडदा मंद झाला, पण त्यांनी कळ दाबली नाही. सूनबाई दारात पदर ओठांना लावून उभी होती.

डोळे न उघडता बोरू म्हणाले, "थांबलीस कशाला? वाच पुढे. मी आहे अजून."

मित्रांनो, आता बाई आठवड्यातून एकदा मला घेऊन त्यांच्याकडे जातात आणि नवा लेख आधी त्यांना वाचून दाखवतात. कधी ते ऐकता ऐकता झोपतात, कधी भांडतात. अंगठे किती उठले, हे तिथे कुणी विचारत नाही.

माझे दिवस थोडे उरलेत. माझ्यासारखं कुणी तुमच्या घरी असेल, तर त्याच्या पंख्यातली धूळ अधूनमधून झटका, पुस्तकांच्या ओझ्याखाली त्याला दडपू नका. आणि त्याच्यावर कुणाविषयी मायेचं काही लिहिलंत, तर त्याला पुढची तारीख लावू नका. तारीख आम्ही चुकवत नाही हो, पण माणूस तोवर थांबेल की नाही, हे आम्हा यंत्रांना कळत नाही.