मरणाचा डावा हात

'चिमटा' साप्ताहिकाचं पहिल्या पानावरचं चित्र उलटं छापलं गेलंय, हे अख्ख्या लंडनात एकाच बाईला कळलं. आणि तेही केव्हा, तर पान दुकानाच्या काचेवर चिकटल्यावर. काय उपयोग!

डॉर्कस व्हिब्ली वीस वर्षं लाकडी ठशांवर चित्रं कोरत होती. ठशावर सगळं उलटं कोरायचं, तेव्हा ते कागदावर सुलटं उठतं. चित्रकारही ठशावर उलटंच काढून देतो, कोरणारीने रेघेमागून कोरणी चालवायची. पण 'चिमट्या'चा नेहमीचा चित्रकार मंगळवारी सकाळी पटकीने आडवा झाला आणि दुपारी गेला. मग संपादक ग्लॉसपसाहेबांनी नदीपलीकडून एक तैलचित्रवाला धरून आणला. त्या दीडशहाण्याने सगळं सुलटं काढून ठेवलं, अगदी अक्षरांसकट. चित्र मात्र झकास होतं. हाडांचा सापळा, डोक्यावर पाणी कंपनीची टोपी, हातात लांब लोखंडी चावी. सापळा नळ सोडतोय आणि पुढे बायकापोरांची रांग. बादलीवर लिहिलेलं, 'शुद्ध पाणी'.

अक्षरं डॉर्कसने पुसून उलटी लिहून घेतली. अक्षरांवर सगळ्यांचाच डोळा असतो. हाताकडे तिचं लक्ष गेलं नाही. एरवी ती ठसा आरशात धरून बघितल्याशिवाय हातावेगळा करत नसे, पण ग्लॉसपसाहेब उरावर उभे.

"आवरा हो बाई! गिऱ्हाईक मरायच्या आत अंक निघू दे, नाहीतर वाचणार कोण?"

तिने हसून ठसा दिला. आरसा तिथेच, हाताशी होता. तेवढं एकदा बघितलं असतं तर काय बिघडलं असतं?

आता काचेसमोर दहा-बारा बाया जमल्या होत्या. वाचता कुणालाच येत नव्हतं. चित्र मात्र सगळ्यांना वाचता येत होतं.

"अगं बाई, हा तर आपला डाव्या!"

"टोपी बघ. हात बघ. डाव्या हाताने चावी फिरवणारा दुसरा आहे कोण?"

"तरीच मेला स्वतः बिअर पितो, आपलं पाणी पीत नाही."

"बिअर तर माझा नवराही पितो."

"तुझा नवरा नळ सोडतो का?"

मागे उभ्या डॉर्कसने ते ऐकलं. डाव्या म्हणजे एनॉक, तिचा धाकटा भाऊ, कंपनीचा चावीवाला. आईच्या मागे तिनेच त्याला वाढवलेला. कंपनी सांगेल त्या वेळी वीस मिनिटं नळ सोडायचा आणि बंद करायचा, एवढंच त्याच्या हातात. पाणी कुठून येतं हे त्याला विचारून कुणी ठरवलं नव्हतं. आणि आत्ता, दहाच्या ठोक्याला, तो टॅलो लेनच्या नळावर असणार होता. ती धावत सुटली.

आवाज दुरूनच आला. लेनच्या तोंडाशी शंभरेक माणसं आणि मधोमध ट्रँटरबाई. या बाईची दोन्ही मुलं त्याच आठवड्यात पटकीने गेलेली. हातात रिकामी बादली होती, ती एनॉकच्या तोंडावर हाणत होती. एनॉकचा ओठ फाटून लोंबत होता. दोघा कसायांनी त्याला दगडावर दाबून धरलं होतं.

"माझी पोरं नेलीस तेव्हा कुठल्या हाताने सोडलंस रे पाणी? बोल! याच ना?"

एकाने त्याचीच लोखंडी चावी उचलली आणि त्याच्या डाव्या पंजावर घातली. हाडं मोडल्याचा आवाज डॉर्कसला गर्दीच्या बाहेर ऐकू आला. एनॉक ओरडला तो माणसासारखा नाहीच. दुसरा घाव मनगटावर बसला.

"संडासाच्या खड्ड्यात बुडवा मेल्याला! पिऊ दे त्याचं पाणी!"

त्याला पायांना धरून फरफटत न्यायला लागले. डॉर्कस कोपरं मारत, चावत आत घुसली. कुणीतरी तिच्या कानशिलात भडकावली. ती पडली, उठली आणि ट्रँटरबाईच्या कमरेला खोचलेलं 'चिमट्या'चं पान तिने हिसकून घेतलं.

"चूक माझी आहे! चित्र मी कोरलंय! हात उलटा पडलाय, अहो, उलटा! हे बघा!"

तिने पान उन्हासमोर धरलं, मागची बाजू लोकांकडे करून. कागद पातळ होता. उन्हात आरपार सापळा दिसला, तीच टोपी, तीच चावी. आणि चावी उजव्या हातात.

कसायांनी एनॉकचे पाय सोडले. त्याचं डोकं दगडावर आपटलं.

ट्रँटरबाईने पान हातात घेतलं, उन्हासमोर धरलं, खाली केलं, पुन्हा धरलं.

"खरंच की. हा डाव्या नाही."

"नाही हो, नाही!" डॉर्कस रडत म्हणाली. "सोडा त्याला."

"मग उजव्या हाताचा कोण?"

डॉर्कसने तोंड उघडलं. सापळा कुणीच नाही, ते नुसतं मरण आहे, असं तिला सांगायचं होतं. ज्यांच्यावर चित्र काढलं ते कंपनीचे साहेब नदीपलीकडे राहतात, हेही. पण ट्रँटरबाईची नजर पुन्हा एनॉककडे वळायला लागली होती.

"बोल ना! तूच कोरलंस ना? कोण आहे हा?"

"पर्किस," डॉर्कस म्हणाली. "फ्लेंट स्ट्रीटचा चावीवाला."

गर्दी तशीच्या तशी वळली. बादल्या, काठ्या, एनॉकची लोखंडी चावी, सगळं बरोबर गेलं. ट्रँटरबाई सर्वांत पुढे होती. चूल पेटवायला निघाल्यासारखी झपाझप चालत होती.

डॉर्कसने भावाचं डोकं मांडीवर घेतलं. मोडका पंजा ॲप्रनमध्ये गुंडाळला. रक्त थांबत नव्हतं, पण श्वास चालू होता. जगणार होता तो! तिला हसूही येत होतं आणि रडूही.

एनॉकने एक डोळा उघडला.

"कुठे गेले सगळे?"

"घरी. बोलू नकोस तू."

फ्लेंट स्ट्रीटच्या बाजूने आरडाओरडा ऐकू यायला लागला होता. एनॉकच्या कानात रक्त गेलं होतं, त्याला ते ऐकू गेलं नाही.

"डॉर्कस, ऐक," तो फाटक्या ओठाने म्हणाला. "साडेदहाला पर्किस येईल त्याच्या नळावर. त्याची बायको बाळंतीण आहे गं. कुणाला तरी पाठव. त्याला म्हणावं, आज टोपी काढून घरी जा."

"सांगते हं," ती म्हणाली, आणि त्याचं डोकं मांडीवर तसंच घट्ट धरून बसून राहिली.